दीडशेचं एकशे ऐंशी

माणसाला मोटारसायकलचं इंजिन मोठं का करून हवं असतं, याची कारणं मी छत्तीस वर्षं ऐकली. एका जावयाला ते हवं होतं, कारण त्याच्या साडूनं नवी गाडी घेतली होती आणि सासुरवाडीला जाताना साडू याला मागं टाकून आधी पोचायचा, पाय धुऊन ओसरीवर बसलेला असायचा. जावयाची अट अशी की गाडी बाहेरून जुनीच दिसली पाहिजे, पण साडू मागं राहिला पाहिजे. एका बँडवाल्याला गाडीचा आवाज ढोलाच्या वर न्यायचा होता. त्याला मी म्हणालो, दादा, त्याला इंजिन कशाला, सायलेन्सर काढून टाक. त्यानं खरंच काढला आणि पहिल्याच वरातीत नवरदेवाची घोडी उधळली. त्याचा राग माझ्यावर निघाला.

मेहकरला लोणार रस्त्यावर माझं गॅरेज होतं. लोक मला वसंता मिस्त्री म्हणत. गुडघे साथ देईनात तेव्हा, दोन वर्षांपूर्वी, मी शटर ओढून घेतलं. या अंकाच्या संपादकांनी असेच किस्से लिहायला सांगितले आहेत आणि असे किस्से माझ्याकडे भरपूर आहेत. पण लिहायला बसलो की एकच इंजिन डोळ्यांपुढं येतं. तेच सांगतो.

आधी थोडं कामाबद्दल. इंजिन मोठं करायचं म्हणजे बाहेरून मोठं करायचं नसतं. इंजिनाच्या आत एक गोल नळी असते, तिला सिलिंडर म्हणतात. तिच्यात पिस्टन नावाचा दट्ट्या मिनिटाला हजारो वेळा वर-खाली होतो. त्याच्या डोक्यावर पेट्रोलची वाफ पेटते, दट्ट्या खाली ढकलला जातो आणि चाक फिरतं. हा दट्ट्या वर-खाली होताना जेवढी जागा व्यापतो ती जागा म्हणजे सीसी. दीडशे सीसी म्हणजे साधारण एका कपात मावेल एवढी जागा. नळी रुंद केली, आत मोठा दट्ट्या घातला, की जागा वाढते आणि जोरही वाढतो. ऐकायला सोपं आहे. पण नळीच्या आजूबाजूला जे काही असतं ते सगळं लहान दट्ट्याच्या मापानं बनवलेलं असतं. म्हणून मग एका गाडीचं धड, दुसरीचा सिलिंडर, तिसरीचं हेड म्हणजे सिलिंडरचं वरचं झाकण, आणि चौथीचा कार्बोरेटर अशी जुळवाजुळव करावी लागते. कायद्यात हे बसत नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण ज्याची गाडी चढावर दम टाकते त्याला कायदा सांगणारा मिस्त्री आमच्या भागात तरी मी पाहिला नाही.

सुलतानपूरचे भास्कर खंडारे आणि त्यांची बायको सिंधूबाई माझ्याकडे आले ते अशाच चढापायी. विहिरीच्या पाण्यावर त्यांची मेथी, कोथिंबीर, वांगी, टोमॅटो असायचे. त्यांच्या दीडशे सीसीच्या मोटारसायकलला मागं दोन चाकांची लोखंडी ट्रॉली जोडलेली होती. शेतातून रस्त्यापर्यंतची वाट इतकी चिंचोळी की तिथून टेम्पो निघत नव्हता, म्हणून ही सोय. मेहकरच्या वाटेवर एक नाला लागतो. रस्ता आधी खाली उतरतो, पुलावरून जातो आणि मग चढतो. भरलेली ट्रॉली घेऊन त्यांची गाडी त्या चढाच्या मध्यावर बंद पडायची. मग सिंधूबाई उतरून ढकलायच्या.

"रोज सकाळी मी ढकलते," त्या मला म्हणाल्या, "अन् मंग बाजारात बसते. गिऱ्हाइकासंगं बोलायले अंगात जोरच राहत नाही मिस्त्री."

मी गाडीकडे पाहिलं आणि लगेच म्हणालो, इंजिन मोठं करू. दीडशेचं एकशे ऐंशी करून देतो, ढकलायचं नावच काढायचं नाही.

त्या इंजिनाला मला बावीस दिवस लागले. सिलिंडर दुसऱ्या एका मोठ्या गाडीचा, तो चिखलीच्या भंगारात मिळाला. तिथल्याच एका लेथवाल्याकडून आतून घासून घेतला आणि त्यात नवा पिस्टन बसवला. सिलिंडरची बोल्टची भोकं खालच्या धडाशी जुळत नव्हती, म्हणून मधे ॲल्युमिनियमची पाटी तयार करून घेतली. पिस्टनला आडवी पिन असते, ती पिस्टनखालच्या जोडदांड्याच्या भोकात बसते. पिन बारीक निघाली आणि भोक मोठं, म्हणून आत गनमेटलचा बुश, म्हणजे छोटी नळी, कातून घातला. हेड तिसऱ्याच गाडीचं होतं. एवढं सगळं जुळवल्यावर लक्षात आलं की पिस्टन वर आला की हेडमधल्या व्हॉल्व्हला, म्हणजे झडपेला, टेकतो. तो टेकला की इंजिन संपलं.

हे टेकणं मोजायची आमची एक रीत आहे. मी घरून कणकेचा गोळा मागवला, चपटा करून पिस्टनच्या डोक्यावर ठेवला, वरून हेड बसवलं आणि इंजिन हातानं एकदा फिरवलं. मग उघडून कणीक ब्लेडनं कापायची आणि तिची जाडी मोजायची. जेवढी जाडी, तेवढं अंतर. सिंधूबाई त्या दिवशी आल्या होत्या. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, इंजिनाला पोळी खाऊ घालता का. मी त्यांना समजावून सांगितलं, तर त्या पुढं सरकून कणकेचा तो काप हातात घेऊन बघत राहिल्या. भास्करभाऊ बाहेर चहा पीत होते. इंजिनात काय आहे ते विचारणारं त्या घरात कोणी होतं तर त्या होत्या.

कणीक फार पातळ निघाली. पिस्टन काढला, चिखलीला नेला, डोक्यावर खाचा पाडून आणल्या आणि परत बसवला. पुन्हा कणीक, पुन्हा पातळ. पुन्हा काढला, पुन्हा चिखली. तिसऱ्यांदा बसवला तेव्हा माप बरोबर आलं. तो शनिवार होता आणि सोमवारी खंडाऱ्यांना गाडी हवी होती.

रविवारी मी किक मारली. दोनदा खोकून ते इंजिन तिसऱ्या किकला असं सुरू झालं की शेजारचा पंक्चरवाला हातातली ट्यूब टाकून पाहायला आला. सोमवारी भरलेली ट्रॉली घेऊन मी स्वतः त्या नाल्याच्या चढावर गेलो. मागं वांग्यांच्या गोण्या होत्या आणि गोण्यांवर सिंधूबाई बसल्या होत्या. गाडी दुसऱ्या गिअरवर चढून गेली. वर गेल्यावर मी मागं पाहिलं तर त्या हसत होत्या. तो दिवस माझ्या कामातल्या सगळ्यात चांगल्या दिवसांपैकी होता. हे मी आजही खोटं लिहू शकत नाही.

महिनाभरात सिंधूबाई ती गाडी स्वतः चालवायला शिकल्या. भास्करभाऊ शेतात राहायचे आणि त्या एकट्या ट्रॉली घेऊन मेहकरच्या बाजारात यायच्या. पहिले काही दिवस लोक थांबून बघायचे. मग सवय झाली. त्यांची गाडी पाहून चिखलीजवळच्या एका दूधवाल्यानं माझ्याकडून तसंच इंजिन करून घेतलं. मी त्याच्याजवळ बढाई मारली की अशी जुळणी या जिल्ह्यात दुसरं कोणी करत नाही.

चौथ्या महिन्यात एका सकाळी दहाच्या सुमाराला एक जीपवाला गॅरेजपुढं थांबला. त्यानं खाली उतरायच्या आधीच सांगितलं, तुमची ट्रॉलीवाली गाडी नाल्याच्या पुलाशी पडून राह्यली, बाई खाली सापडली होती.

मी पोचलो तेव्हा सिंधूबाईंना दुसऱ्या जीपमधून नेलं होतं. गाडी पुलाच्या तोंडाशी आडवी पडली होती आणि ट्रॉली तिच्यावर चढून उलटली होती. टोमॅटो सगळ्या पुलावर पसरले होते आणि लोक त्यातून वाट काढत होते. बायकांची एक चप्पल कठड्याला लागून पडली होती. मी ती उचलली आणि तिचं काय करायचं ते न समजल्यानं हातात धरून उभा राहिलो.

त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला होता. बुलडाण्याला नेऊन ऑपरेशन झालं, पायात सळई घातली. गाडी भास्करभाऊंनीच टेम्पोत टाकून माझ्या गॅरेजला पाठवली. तिसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. भास्करभाऊ बाहेरच्या बाकावर बसले होते. ते म्हणाले, मी तिले सांगतलं होतं, भारी गाडी हाय, तुह्या हातची नाही. आत सिंधूबाई पडून होत्या. त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता.

"उतारावर मागचं चाक एकदम अडकलं," त्या म्हणाल्या. "मले क्लच दाबल्याचं आठवते. पण हे म्हणतात, दाबला असता तर चाक अडकलंच नसतं. माह्याच हातून काही चुकलं असन."

मी म्हणालो, आराम करा. अजून मी इंजिन उघडलं नव्हतं, पण उतारावर चाक एकदम अडकलं म्हणजे काय असू शकतं ते मला माहीत होतं. ते गाडी चालवणाऱ्याच्या हातून सहसा होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर अर्धं ओढून इंजिन उघडायला घेतलं. हेड निघालं. सिलिंडर निघेना. लाकडी ठोकळा लावून चारी बाजूंनी हातोडी मारत राहिलो तेव्हा तो ओरखडत वर आला. आतल्या गुळगुळीत भिंतीवर वरपासून खालपर्यंत एक चर पडला होता. माझी करंगळी त्यात बसत होती. पिस्टनची आडवी पिन एका बाजूनं बाहेर निघून सिलिंडरच्या भिंतीत रुतली होती.

ही पिन जागेवर राहावी म्हणून तिच्या दोन्ही टोकांना एकेक लॉक असतं. लॉक म्हणजे स्प्रिंगच्या तारेची उघडी रिंग, पायातल्या जोडव्यापेक्षाही लहान. पिस्टनच्या खाचेत ती दाबून बसवायची, मग ती ताणून राहते आणि पिनीला बाहेर येऊ देत नाही. एका बाजूचं लॉक जागेवर होतं. दुसऱ्या बाजूची खाच रिकामी होती. मी खालचं तेल एका ताटात ओतलं आणि त्यातून चुंबक फिरवला. तारेचे दोन तुकडे चिकटून आले.

मी खाली फरशीवर बसलो. हात पुसायला फडकं घेतलं आणि ते हातातच राहिलं. कारण मला तो शनिवार आठवला होता.

लॉक एकदा काढलं की फेकून द्यायचं असतं. काढताना तार वाकते, तिचा ताण जातो आणि ती पुन्हा भरवशाची राहत नाही. आमच्या धंद्यातला हा पहिल्या वर्षी शिकायचा नियम आहे आणि मी तो गिऱ्हाइकांनासुद्धा ऐकवायचो. त्या इंजिनाचा पिस्टन मी तीनदा बसवला होता. पहिल्या वेळी पिस्टनबरोबर आलेली नवी लॉक लावली. दुसऱ्या वेळी खणात एक नवी जोडी होती, ती लावली. तिसऱ्या वेळी खण रिकामा होता. त्या मापाची लॉक अकोल्याहून मागवावी लागत आणि ती मंगळवारपर्यंत आली नसती. मी काढलेलीच लॉक उचलली, पकडीनं थोडी फाकवली आणि परत बसवली. खाचेत बसताना टक असा आवाज झाला. तेवढ्यावर मी पुढच्या कामाला लागलो. पुन्हा कधी त्याची आठवणही झाली नाही. छत्तीस वर्षांत मी किती माणसांना हलगर्जी म्हणालो असेन, आणि हे मला आठवलंसुद्धा नव्हतं.

मग मी मागचं टायर पाहिलं. चाक अडकून घासत गेलं की टायरवर चपटा डाग पडतो. हा डाग नुसता ओरखड्याएवढा, उथळ होता. म्हणजे चाक अडकल्याबरोबर, श्वास घ्यायच्या आत, सिंधूबाईंनी क्लच दाबला होता आणि चाक मोकळं झालं होतं. पण तेवढ्यात मागची भरलेली ट्रॉली रेटा देऊन आडवी झाली होती. माझ्यासारख्या मुरलेल्या माणसाला जे जमलं असतं की नाही सांगता येत नाही, ते त्यांनी केलं होतं. आणि आता त्या दवाखान्यात स्वतःच्या हातांना दोष देत पडल्या होत्या.

इथपर्यंत जे झालं ती चूक होती. यापुढचं मी जाणूनबुजून केलं.

मी कोणाला काही सांगितलं नाही. तारेचे तुकडे कागदात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवले. रोज वाटायचं, आज बुलडाण्याला जाऊन सांगतो. रोज काही ना काही काम निघायचं, किंवा मी काढायचो. समोरच्या चहाच्या टपरीवर चार माणसं हाच विषय घेऊन बसायची. बाईमाणसानं ट्रॉलीची गाडी चालवायचं काय काम होतं, असं एकजण म्हणाला आणि त्यानं माझ्याकडे पाहून विचारलं, काऊन मिस्त्री, बरोबर हाय ना. मी मान हलवली. होकारार्थी हलवली. सिंधूबाईंच्या पायातल्या सळईपेक्षा मला ती हललेली मान जास्त आठवते.

दूधवाल्याचं इंजिनही मला झोपू देत नव्हतं. खंडाऱ्यांचं इंजिन उघडल्यापासून दहाव्या दिवशी एसटीनं त्याच्या गावी गेलो आणि तिथंच त्याच्या अंगणात ते उघडलं. दोन्ही लॉक नवी होती, जागेवर घट्ट होती. त्याच्या वेळी पिस्टन एकदाच बसवला होता. तरी मी ते मोठं सामान काढून त्याचं मूळ सामान परत बसवलं. त्यानं कारण विचारलं तर मी सांगितलं, बेअरिंगचा आवाज येतोय. तो चिडला, गाडी पुन्हा मरतुकडी करून ठेवली म्हणाला. परतीच्या एसटीत मला समजलं की मी आता नुसता गप्प नव्हतो, खोटंही बोलायला लागलो होतो आणि ते मला सहज जमत होतं. त्याची मला फार भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सुलतानपूरला गेलो. सिंधूबाईंना घरी आणलं होतं. पुढच्या खोलीत खाटेवर, पायाखाली उशी घेऊन त्या बसल्या होत्या. सासूबाई दाराशी लसूण सोलत होत्या. भास्करभाऊंनी मला खुर्ची दिली. मी बसलो नाही. कागद उघडून ते तुकडे तळहातावर ठेवले आणि सगळं सांगितलं. शनिवार, पकड, तेलातले तुकडे, टायरवरचा डाग. भास्करभाऊंच्या तोंडून शिव्या येतील, हात उठेल, याची तयारी करून मी गेलो होतो.

त्यांनी एवढंच विचारलं, "म्हंजे तिची काईच चूक नव्हती?"

"नव्हती," मी म्हणालो. "वहिनींनी क्लच वेळेवर दाबला. नाहीतर जिवावर बेतलं असतं."

ते खाली जमिनीकडे पाहत राहिले. सासूबाईंचा लसूण सोलणारा हात थांबला होता. सिंधूबाई माझ्याकडे पाहत होत्या.

"हे तुमाले कवा समजलं?" त्यांनी विचारलं.

मी दिवस सांगितला. त्यांनी बोटांवर मोजलं. सावकाश मोजलं, अंगठा एकेका पेरावर टेकवत.

"अकरा दिवस," त्या म्हणाल्या. "अकरा दिवस मी रोज डोळे मिटून तो उतार उतरते. इथं काय केलं, तिथं काय केलं, आठवून पाह्यते. माह्यावालीच चूक शोधते. अन् तुमच्या खिशात हे होतं."

त्यांनी आवाज चढवला नाही. मला चढवला असता तर बरं वाटलं असतं. मी म्हणालो, गाडी पहिल्यासारखी करून देतो, मूळ इंजिन, सगळं नवं सामान. त्यावर त्यांनी असं काही विचारलं, ज्याची मी तयारी केली नव्हती. मूळ इंजिन चढ चढत नव्हतं म्हणून तर आम्ही आलो होतो, आता ते कसं चढेल?

मग मला तेही सांगावं लागलं. मागच्या चाकाला चेनची दातेरी चकती असते. ती चार-पाच दात मोठी टाकली की गाडीचा वेग कमी होतो आणि ओढायची ताकद वाढते. अर्ध्या दिवसाचं काम. इंजिनाला हात लावावा लागत नाही. भरलेली ट्रॉली ओढायला तेवढं पुरलं असतं.

"मंग तवाच काऊन नाही सांगतलं?"

भास्करभाऊंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. खरं उत्तर एकच होतं आणि ते मी त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःही ऐकलं.

"मला ते इंजिन बनवायचं होतं," मी म्हणालो.

सिंधूबाईंनी मान हलवली, जणू त्यांना हे आधीच माहीत होतं. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आजवर म्हणाल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "इथं चार भिंतीत सांगून काय होते मिस्त्री. जिथं लोक बोलले तिथं सांगा. बाजारात सांगा."

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी गेलो. सिंधूबाईंची बसायची जागा मोकळीच होती. दोन्ही बाजूंच्या भाजीवाल्या बायकांनी तिथं माल पसरला नव्हता. मी त्या मोकळ्या जागेत उभा राहिलो आणि म्हणालो की मला काही सांगायचं आहे. खंडाऱ्यांच्या गाडीचा अपघात गाडी चालवण्यातल्या चुकीनं झाला नाही, माझ्या कामातल्या चुकीनं झाला, आणि हे मला अकरा दिवस माहीत होतं, एवढं मी सांगितलं. आसपासची घासाघीस थांबली. पलीकडच्या रांगेतली एक म्हातारी भाजीवाली उठून उभी राहिली आणि म्हणाली, मागं ऐकू नाही आलं, पुन्हा सांगा. ती टोमणा मारत नव्हती, तिला खरंच ऐकायचं होतं. मी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. तेव्हा गर्दीच्या मागं मला भास्करभाऊ दिसले. ते कधी येऊन उभे राहिले होते कळलं नाही. तिथून मी चहाच्या टपरीवर गेलो आणि ज्यांच्यापुढं मान हलवली होती त्यांनाही सांगितलं. एकजण म्हणाला, जाऊ द्या मिस्त्री, कशाला सांगत फिरता. दुसरा कप ठेवून निघून गेला.

त्यानंतर माझं काम घटलं. दोघांनी अर्धी उघडलेली गाडी तशीच टेम्पोत घालून दुसरीकडे नेली. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. काहीजण उलट मुद्दाम येऊ लागले, त्यांचं कारण मला कधी नीट समजलं नाही. मोठं इंजिन मात्र मी पुन्हा कोणाला करून दिलं नाही. तो साडूवाला जावई दुसऱ्यांदा आला होता, त्यालाही नाही म्हणालो.

खंडाऱ्यांची गाडी मी मूळ मापावर आणली. सिलिंडर, पिस्टन, पिन, लॉक, सगळं एकाच गाडीचं आणि नवं. मागं पाच दात मोठी चकती. गाडी झाकून गॅरेजच्या कोपऱ्यात उभी राहिली. सिंधूबाई ती न्यायला आल्या तेव्हा अपघाताला आठ महिने झाले होते. डावा पाय किंचित आखूड झाला होता आणि चालताना त्या एका बाजूला झुकत होत्या. भास्करभाऊ बरोबर होते. ते गाडीवर बसायला पुढं झाले, तर सिंधूबाईंनी त्यांच्या हातून किल्ली घेतली. त्यांना एसटीनं यायला सांगितलं. ते ट्रॉलीत खताच्या चार गोण्या चढवू लागले.

गोण्या चढवून झाल्यावर सिंधूबाई मला म्हणाल्या, "बसा मिस्त्री, ट्रॉलीत."

मी भास्करभाऊंकडे पाहिलं. ते गोण्यांची दोरी बांधत होते. मी चढलो आणि गोण्यांवर बसलो.

गाडी सावकाश निघाली. मोठ्या चकतीनं तिचा वेग सायकलपेक्षा थोडा जास्त, एवढाच राहिला होता. गाव मागं पडलं. नाल्याचा उतार दिसू लागला तेव्हा माझे हात ट्रॉलीच्या लोखंडी कडेला आपोआप घट्ट झाले. मी स्वतः बसवलेल्या प्रत्येक नटाची मनात मोजणी करत होतो आणि मोजणी मधेच चुकत होती. माझ्या कामावर विसंबून लोक इतकी वर्षं कसे बसत होते, हा प्रश्न त्या उतारावर पहिल्यांदा माझ्या अंगावर आला. सिंधूबाईंनी वेग आणखी कमी केला. पूल आला. पुलावरून गाडी गेली. चढ लागला आणि इंजिन खोल आवाजात ओढू लागलं, कुठं अडलं नाही. त्यांनी एकदाही मागं पाहिलं नाही.

वर सपाटीला आल्यावर त्यांनी गाडी बाजूला घेऊन थांबवली.

"भेव वाटलं काय?" त्यांनी विचारलं.

"वाटलं," मी म्हणालो.

"मलेबी वाटलं."

त्या रस्त्याकडे पाहत होत्या.

"उतरा आता," त्या म्हणाल्या. "तुमचं गॅरेज मागं राह्यलं."

मी उतरलो. त्यांनी डाव्या पायानं गिअर टाकला. पहिल्यांदा तो पडला नाही. त्यांनी पाय उचलून नीट ठेवला, पुन्हा दाबला, आणि त्या निघाल्या.